कारखान्यातून निघाली तशी

२०२३ सालच्या डिसेंबरात कॅनडातील ब्रॅम्प्टन येथील कारखान्यातून शेवटची डॉज चॅलेंजर बाहेर पडली. त्याच सुमारास शेवरोले कंपनीने आपल्या कमॅरो या गाडीचे उत्पादन आवरते घेतले. फोर्डची मस्टँग तेवढी अजून निघते आहे. अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात, त्या पहिलवानी गाड्यांचा वंश असा आखडत चालला असताना, त्याच वंशातल्या पहिल्या पिढीची, म्हणजे साधारण १९६४ ते १९७२ या काळात निघालेल्या गाड्यांची, पूजा मात्र जोरात चालू आहे. पूजा हा शब्द मी थट्टेने वापरलेला नाही. गाडीचा एकेक बोल्ट सोडवून त्याच्या डोक्यावर कोणती खूण आहे, त्याला मुलामा कोणता होता, याचा माग काढणारी आणि ती गाडी पुन्हा 'कारखान्यातून निघाली तशी' उभी करणारी माणसे तिथे गावोगाव आहेत. कोणी आपले गॅरेज त्यासाठी दिले आहे, तर कोणी आपले सारे आयुष्य.

वरवर पाहता काम सोपे वाटते. पण 'तशी' म्हणजे कशी, हे सांगणार कोण? गाडी बनवणारे हात थकले, कित्येक कारखाने पाडले गेले, पॉन्टियॅक आणि प्लिमथ ही नावेसुद्धा बाजारातून गेली. या एका 'तशी'च्या शोधातून एक आगळे संशोधनशास्त्र उभे राहिले आहे, आणि त्याच्या पोटातच एक अडचण दडलेली आहे. त्या अडचणीविषयीच मला लिहायचे आहे. पण आधी गाडीची कुळकथा सांगायला हवी.

या गाड्यांचा जन्मच मुळी एका पळवाटेतून झाला. साठीच्या दशकात जनरल मोटर्स ही अवाढव्य कंपनी होती. शेवरोले, पॉन्टियॅक, ओल्ड्समोबिल, ब्यूक, कॅडिलॅक ही सारी तिचीच लेकरे. १९६३ च्या आरंभी या कंपनीने मोटारशर्यतींशी असलेला संबंध तोडला. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून, म्हणजे सुमारे ५.४ लिटरहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असाही दंडक होता. (आपल्या ॲम्बेसेडरचे इंजिन जेमतेम दीड लिटरचे होते, हे आठवले म्हणजे 'मध्यम' या शब्दाचा अमेरिकन अर्थ ध्यानात येतो.) पॉन्टियॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दंडकाचा बारकाईने अभ्यास केला असावा. नियम मॉडेलला लागू होता. गिऱ्हाइकाने वर पैसे मोजून मागवायच्या 'ऑप्शन'बद्दल त्यात काही नव्हते. त्यांनी १९६४ सालच्या टेम्पेस्ट ल मान्स या सालस गाडीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे ६.४ लिटरचे इंजिन 'ऑप्शन' म्हणून देऊ केले. तीनशे डॉलरच्या आत मिळणाऱ्या या पॅकेजचे नाव जीटीओ. विक्री खात्याने भीत भीत पाच हजार गाड्यांना होकार दिला. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या, आणि मग वरिष्ठांना नियम आठवण्याचे कारण उरले नाही.

नावही उसने होते. 'ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो' हे फेरारीच्या गाडीचे बिरुद. त्यातल्या ओमोलोगातो या इटालियन शब्दाचा अर्थ शर्यतीसाठी रीतसर प्रमाणित. पॉन्टियॅकच्या गाडीला असले कसलेही प्रमाणपत्र नव्हते. इतकेच नव्हे, तर 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाच्या मार्च १९६४ च्या अंकात ज्या चाचणीने या गाडीचा देशभर बोलबाला झाला, त्या चाचणीतल्या गाडीत ३८९ ऐवजी ४२१ घन इंचांचे इंजिन गुपचूप बसवलेले होते. पॉन्टियॅकच्या जाहिरातीची धुरा वाहणाऱ्या जिम वँगर्स यांनीच ही गोष्ट पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात कबूल केली. कारखान्यातून निघाली तशी गाडी करण्याचे आज ज्यांना वेड आहे, त्यांच्या आराध्य दैवताची कीर्तीच अशी कारखान्यातून न निघालेल्या गाडीवर उभी आहे! मला ही हकीकत फार आवडते.

पण त्या पळवाटेची किंमत आज चुकवावी लागते आहे. जीटीओ हे मॉडेल नव्हते, ऑप्शन होते. त्यामुळे १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांच्या चासी नंबरात जीटीओचा मागमूस नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीपाशी डकवलेली पट्टी सांगते ती एवढेच, की ही ल मान्स आहे. १९६६ पासून जीटीओला स्वतंत्र मॉडेलचा दर्जा मिळाला आणि नंबरही वेगळा आला. त्याआधीच्या कुठल्याही ल मान्सला मोठे इंजिन, जाळी आणि नावाच्या पट्ट्या लावल्या की जीटीओ तयार. अशा कितीतरी गाड्या आहेत. मालकाने 'हौस म्हणून केली' असे सांगितले तर त्यात गैर काहीच नाही. अडचण तिसऱ्या-चौथ्या मालकापाशी येते, कारण तोवर हौसेची हकीकत गळून गेलेली असते आणि गाडी मूळचीच जीटीओ होऊन बसते.

मी तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली आहेत, त्यातली बरीच कर्ज विभागात. जमिनीवर कर्ज देताना जमीन पाहायला आम्ही जात असू, पण निर्णय होई तो सात-बारा, फेरफार आणि वकिलाच्या सर्च रिपोर्टावर. जमीन काही बोलत नाही, कागद बोलतो. या गाड्यांच्या दुनियेत नेमके हेच झाले आहे, आणि कागदांची तऱ्हा कंपनीगणिक निराळी आहे.

पॉन्टियॅकच्या मालकांचे नशीब थोर. १९६१ पासूनच्या बिलांच्या नोंदी मायक्रोफिल्मवर टिकल्या आणि 'पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस' या खासगी सेवेकडे आल्या. चासी नंबर आणि शुल्क पाठवले की गाडी कोणत्या डीलरकडे गेली, तिच्यावर कोणकोणते ऑप्शन होते, ते सांगणारी मूळ नोंदीची प्रत घरी येते. पॉन्टियॅक कंपनी २०१० मध्ये कायमची मिटली. तिची खतावणी मात्र जिवंत आहे. फोर्डच्या बाबतीत हे काम केविन मार्टी या गृहस्थाने केले. कंपनीकडून रीतसर परवाना घेऊन त्यांनी १९६७ ते १९७३ या वर्षांच्या संगणकीय नोंदी मिळवल्या. आज मस्टँगच्या प्रत्येक व्यवहारात 'मार्टी रिपोर्ट' मागितला जातो, जसा आपल्याकडे सर्च रिपोर्ट. क्रायस्लरकडे १९६७ पर्यंतच्या गाड्यांच्या नोंदी आहेत, आणि गंमत अशी, की ज्या हेमी इंजिनाच्या गाड्यांवर आज सर्वांत जास्त पैसा लागतो त्या बहुतांशी त्याच्या नंतरच्या. शेवरोलेची तर वेगळीच कथा. अमेरिकेत विकल्या गेलेल्या बहुतेक शेवरोले गाड्यांच्या नोंदी आज मिळत नाहीत. पण जी गाडी कॅनडात विकली गेली तिची नोंद जनरल मोटर्सच्या कॅनडातील शाखेने जपून ठेवली. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन कमॅरोंपैकी जी सीमेपलीकडे गेली तिच्याजवळ जन्मदाखला आहे, आणि जी घरी राहिली ती अनाथ.

बँकेत जुनी लेजरे आणि व्हाउचरे ठराविक वर्षांनी नष्ट करण्याची रीत असते. जागा लागते, वाळवी लागते, ऑडिटरही हरकत घेत नाही. नष्ट करायच्या यादीवर सही करणाऱ्याला आपण इतिहासावर सही करत आहोत असे कधी वाटत नाही. डेट्रॉइटमधल्या कारकुनांनाही ते वाटले नसणार.

जिथे खतावणी नाही, तिथे गाडीच्याच पोटात कागद शोधतात. क्रायस्लरच्या कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक 'बिल्ड शीट' फिरे: इंजिन कोणते, सीट कोणत्या रंगाची, रेडिओ कोणता, हे कामगारांना कळावे म्हणून. काम झाले की कामगार तो कागद मिळेल तिथे कोंबून मोकळा होई. सीटच्या स्प्रिंगांत, पेट्रोलच्या टाकीवर. पन्नास-साठ वर्षांनी कोणी मागची सीट उचलतो आणि उंदरांनी कुरतडलेला, तेलकट, पिवळा पडलेला तो कागद सापडतो. एखाद्या संशोधकाला मोडी दफ्तरात हवे ते पत्र सापडावे तसा तो आनंद असतो. कधी कधी मात्र कागद सापडतो तो शेजारच्याच गाडीचा! घाईत असलेल्या कामगाराने हाताला लागला तो कोंबलेला.

कागदानंतर लोखंड. इंजिनाच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठवलेली असते. जनरल मोटर्सची पद्धत अशी, की जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी असे डिसेंबरच्या एलपर्यंत महिन्याचे अक्षर, मग तारीख, मग वर्षाचा शेवटचा आकडा. 'बी १५ ४' म्हणजे १९६४ च्या फेब्रुवारीची पंधरावी. तो १९७४ चाही असू शकतो, म्हणून मग ब्लॉकचा ओतकाम क्रमांक पाहायचा. गाडी जुळली त्या तारखेच्या काही दिवस ते काही आठवडे आधी इंजिन ओतलेले असले पाहिजे. नंतरचे असेल तर ते इंजिन मागाहून घातलेले. फारच आधीचे असेल तरी शंका. हाच हिशेब कार्ब्युरेटरचा, आल्टरनेटरचा, गिअरबॉक्सचा, खिडकीच्या काचेवरल्या खुणेचासुद्धा. पंचांग घेऊन बसल्यासारखे हे लोक तारखा जुळवत असतात. 'मॅचिंग नंबर्स' हा त्यांचा मंत्र. ज्या गाडीत तिचे जन्माचे इंजिन आहे तिची किंमत एकदम वेगळ्या पायरीवर जाते, मग ती तितकीच पळत का असेना.

आता त्या मूळ अडचणीकडे येतो. सुरुवातीला, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांत, जुनी गाडी नीट करणे म्हणजे ती चकचकीत करणे. बॉनेट उघडले की आरशात पाहावे तसे दिसले पाहिजे. पुढे जाणकारांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली: कारखान्यातून गाडी इतकी चांगली निघत होती का? उत्तर अर्थातच नाही असे होते. दर मिनिट-दोन मिनिटांना एक गाडी जिथून पुढे सरकते तिथे सुबकपणाला वाव नसतो. बॉडीवर मारलेल्या रंगाचा फवारा उडून खालच्या भागावर अर्धवट बसे. दाराच्या फटी वरखाली असत. जनरल मोटर्सचा लॅकर रंग आजच्या रंगाइतका तुळतुळीत नसे. त्यावर नारंगीच्या सालीसारखा पोत असे. तपासनीस खडूने, मेणखडूने फुल्या मारत, बोल्ट आवळला की त्यावर रंगाचा ठिपका देत. मग जीर्णोद्धार करणाऱ्यांनी या साऱ्यांची नक्कल सुरू केली. आज उत्तम मिस्त्री मोजून मापून, छायाचित्रे समोर ठेवून, रंगाचा ओघळ जिथे होता तिथेच काढतो. खडूची फुली ज्या तिरकेपणाने मारलेली तशीच मारतो. शिकागोजवळ रोझमाँट येथे २००९ पासून दर नोव्हेंबरात भरणाऱ्या 'मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स' या प्रदर्शनात अशा गाड्यांचे परीक्षण होते, आणि गाडी जास्त सुंदर झाली म्हणून गुण कापले जातात. आपल्या सौंदर्यस्पर्धांना हे कळवायला हरकत नाही.

शिवाय प्रत्येक कारखान्याची तऱ्हा वेगळी. १९६४ ची जीटीओ पॉन्टियॅक, बाल्टिमोर, कॅन्सस सिटी, फ्रीमाँट अशा निरनिराळ्या ठिकाणी जुळवली जात होती. एका ठिकाणी जो भाग आधी रंगवून मग बसवत, तो दुसऱ्या ठिकाणी बसवून मग रंगवत. म्हणून 'बाल्टिमोरची गाडी फ्रीमाँटसारखी रंगवली' हा या मंडळींत गंभीर आक्षेप ठरतो.

आता ही सारी माहिती कुठून मिळाली? कंपनीच्या पुस्तिकांत खडूच्या फुल्या नसतात. ती मिळाली कुणीही हात न लावलेल्या गाड्यांवरून. कोठारात, परसात, विधवा आजीच्या गॅरेजमध्ये तीस-चाळीस वर्षे पडून राहिलेल्या गाड्यांवरून. अशी गाडी म्हणजे या शास्त्राचे अस्सल साधन, आमच्या भाषेत मूळ व्हाउचर. आणि अशा गाडीचा मालक बहुधा काय करतो? तो तिचा जीर्णोद्धार करतो. रंग खरवडतो, गंज उडवतो, अन् त्याबरोबर साठ वर्षांपूर्वीच्या तपासनिसाची खडूची फुली पुसून तिच्या जागी स्वतःची फुली मारतो. ती हुबेहूब असेल, परीक्षक तिला पैकीच्या पैकी गुण देतील, पण यापुढे तिच्यावरून कोणाला काही शिकता येणार नाही. ती आता पुरावा राहिली नाही, पुराव्याची नक्कल झाली. संशोधन आणि जीर्णोद्धार एकाच गॅरेजात नांदतात, पण एक दुसऱ्याच्या मुळावर उठलेला आहे. आपल्याकडे यादवकालीन देवळाच्या दगडाला भक्तिभावाने ऑइलपेंट फासतात, त्यात भक्ती खोटी नसते.

कादंबरी लिहिणाऱ्याला हा पेच ओळखीचा आहे. जुन्या काळावर लिहिताना आपण तपशील गोळा करतो आणि सगळे ओततो. पात्राच्या हातात त्या वर्षीचे नाणे, भिंतीवर त्या वर्षीचे कॅलेंडर. पण खऱ्या घरात मागच्या वर्षीचेही कॅलेंडर तसेच लटकत असते. घाईने झालेली चूक मन लावून केली की ती चूक राहत नाही. बाल्टिमोरच्या कामगाराचा हात थरथरला असेल तो रात्रपाळीच्या शिणाने. मिस्त्रीचा थरथरतो तो बक्षिसासाठी. मिस्त्रीची मेहनत कमी नाही, पण मी निवड करायची झाली तर गंजकी गाडी निवडीन.

बाजारालाही हे हळूहळू कळते आहे असे दिसते. १९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग पुढे एका कुटुंबाने १९७४ मध्ये सहा हजार डॉलरना घेतली. त्या घरातली शिक्षिका गृहिणी ती रोज शाळेला जायला वापरत असे. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली. ती मिळाली नाही. क्लच गेल्यावर गाडी वर्षानुवर्षे पडून राहिली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील किसिमी येथे तिचा लिलाव झाला तेव्हा रंग उडालेला, पत्रा पोचलेला, गंज तसाच. आणि किंमत आली शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलर. ही गाडी 'कारखान्यातून निघाली तशी' केली असती तर चित्रीकरणासाठी बॉडीखाली केलेल्या जोडकामाच्या खुणाही गेल्या असत्या, आणि तीच ती गाडी, हे पटवण्याचा एक भक्कम आधारही.

ही झाली सिनेमाची गाडी. इतरत्र मोठी रक्कम जीर्णोद्धार केलेल्या आणि कागद असलेल्या गाडीलाच मिळते. २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात १९७१ ची एक हेमी 'कुडा, उघड्या टपाची, ३५ लाख डॉलरना गेली. त्या वर्षी तशा गाड्या डझनभरसुद्धा निघाल्या नव्हत्या. १९६९ च्या ॲल्युमिनियम इंजिनाच्या झेडएल-वन कमॅरो एकंदर ६९. त्याही पळवाटेनेच आल्या: टॅक्सी आणि पोलिसांच्या गाड्यांसाठी राखलेल्या खास ऑर्डरपद्धतीतून इलिनॉयमधल्या एका लहान गावच्या डीलरने पन्नास मागवल्या, आणि किंमत सात हजार डॉलरच्या वर गेल्याने त्यातल्या बऱ्याचशा त्याच्या गळ्यात पडल्या. आज त्यांचा दर ऐकून त्याच्या वारसांना काय वाटत असेल!

एवढा पैसा आला की खोटे कागद येणारच. पत्र्याच्या ओळखपट्ट्या नव्या बनवून मिळतात. इंजिनावरची सपाट जागा घासून, कारखान्याच्या यंत्राने पडणारे बारीक ओरखडे पुन्हा पाडून, त्यावर हवा तो नंबर पंच करणारे कलावंत आहेत. कमॅरो आणि मस्टँगची तर संपूर्ण नवी बॉडी, परवाना घेऊन बनवलेली, विकत मिळते. ती घेण्यात बेकायदा काही नाही. तिच्यावर जुन्या गाडीची नंबरपट्टी चढवली की तो अमेरिकेत गंभीर गुन्हा होऊ शकतो. पण समजा, जुनी बॉडी गंजून चाळण झाली आहे. आज फरशी बदलली, उद्या मडगार्ड, परवा छप्पर. शेवटी पट्टी ज्या खांबावर आहे तेवढाच खांब जुना उरला. ही गाडी कोणती? कायदा याचे उत्तर पट्टीकडे पाहून देतो. बँकेनेही तेच केले असते, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते.

याहून मोठा प्रश्न वारसाचा आहे. १९६४ मध्ये जो विशीत होता तो आज ऐंशीच्या पुढे आहे. कारखान्याच्या रांगेत उभे राहून फुल्या मारणारे कामगारही त्याच वयाचे किंवा मोठे, आणि दरवर्षी त्यांच्यातले थोडे कमी होतात. आजच्या चाळिशीतल्या अमेरिकन माणसाच्या मनात भरलेल्या असतात त्या नव्वदीच्या दशकातल्या जपानी गाड्या. जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळत राहील, श्रीमंतांना गुंतवणूक लागतेच. पण खोकी भरून छायाचित्रे, शेकडो गाड्यांच्या तारखांच्या वह्या, कामगारांशी झालेल्या बोलण्याची टिपणे? यातले पुष्कळसे एकेकट्या माणसाच्या तळघरात आहे. बँकेत आम्ही प्रत्येक खातेदाराच्या मागे लागून नॉमिनेशनचा फॉर्म भरून घेत असू. या तळघरांच्या दारात तसा कोणी कारकून उभा नाही. फ्रीमाँटच्या ज्या कारखान्यात जीटीओ जुळत होती, तिथे पुढे जपानी भागीदारीत टोयोटा निघाल्या आणि २०१० पासून तो टेस्लाकडे आहे. त्या आवारातून आता बॅटरीवरच्या गाड्या बाहेर पडतात. साठ वर्षांनी त्यांचा जीर्णोद्धार करणाऱ्याला खडूची फुली शोधावी लागणार नाही, पण आत चालणारा संगणकाचा कार्यक्रम कोणत्या तारखेचा, यावर तो नक्की भांडेल.

आपल्याकडे हा विषय नुसता लांबचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' अशी खूण, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी; चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे 'तशी' म्हणजे कशी, हा प्रश्न आता आपल्या आरटीओच्या खिडकीवरही येऊन उभा आहे. सत्तरीच्या दशकारंभीच्या प्रीमियर फियाट आणि ॲम्बेसेडर एव्हाना पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरींच्या बॉनेटखाली डिझेलच्या स्वस्ताईच्या काळात घातलेली दुसरीच इंजिने आहेत. अर्जासोबत विम्याची पॉलिसी, परदेशी गाडी असेल तर आयातीची बिल ऑफ एंट्री, आणि आधी नोंदलेली असेल तर जुने आरसी बुक जोडायचे आहे. आजोबांची गाडी विकताना ते आरसी बुक पुष्कळ घरांतून गाडीबरोबरच गेले. शोरूमची पावती मात्र कधी कधी कपाटात, जुन्या विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात सापडते.